बापूनं जहर घेतलं नव्हतं

लोहारा, यवतमाळ
९ ऑक्टोबर २०१७

बाई,

फाडू नको. फाडाचंच असंन तं वाचून झाल्यावर फाड.

तू माझा नंबर बंद केला, याडीचा, सख्ख्या मायचाही केला. मंग म्या माझा रूमवाला सदाशिव याच्या फोनवरून लावला तं आवाज ओळखून त्याचाही केला. त्या बिचाऱ्याचं तुझ्याशी काय वाकडं होतं? म्हणून आता पोस्ट. मोठ्या बहिणीले पत्र लिहिणं मले शाळेत परीक्षेतही जमलं नव्हतं, तवा चुकलं तं समजून घे.

मी सध्या लोहाऱ्याले एमआयडीसीत आहो. सरकीच्या तेलाच्या मिलमधे लागलतो, सोडलं. त्याच्याआधी हैदराबादच्या ट्रकवर क्लीनर होतो. त्या रस्त्यावर आदिलाबादच्या अलीकडं एक धाबेवाला हाय, तो गिऱ्हाइकाचं तोंड पाहून तिखट टाकते, मले पाहून त्यानं, जाऊ दे. ते नाही सांगाचं.

बापू यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात भरती हाय. पुन्हा पडला. पऱ्हाटीतच, कापूस फवारता फवारता.

तू आता काय म्हणशीन ते मले इथं ऐकू येऊन राह्यलं. मागच्या साली तो पहिल्यांदा पडला तवा तुझ्या पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं सेवालाल महाराजांची आण घेतली, की जहराच्या डब्याकडं त्या नजरेनं पाहणार नाही. अन् यंदा पोळ्याच्या आधी पुन्हा पडलेला सापडला. तू आली, उंबऱ्यातूनच पाह्यलं, म्हणाली, "माझ्या लेकरावर आण घेऊन मोडली यानं. हा मले बाप नाही." साऱ्या तांड्यानं ऐकलं. त्यानंही ऐकलं.

बाई, त्यानं आण मोडली नाही. पहिल्या वेळेसही काही घेतलं नव्हतं, दुसऱ्याही नाही, आताही नाही.

यंदा कापसावर जहर फवारता फवारता आपल्या जिल्ह्यात किती माणसं पडले, किती मेले, ते तुले मी कायले सांगू. वॉर्डात एकेका खाटेवर दोघं. बापूले उमरखेडले एक बाटली लावली, तो शुद्धीवर आला, तरी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, अन् वाटेत पुन्हा बेशुद्ध. इथं उतरवलं तं कोणी काही विचारलंच नाही. पऱ्हाटीतला माणूस, घामानं ओला, तोंडाले फेस, पाठीवर पंपाच्या पट्ट्याचे वळ. कागदावर लिहिलं, विषबाधा.

मंग आभा मॅडम आल्या. नवीन डॉक्टर हायेत, शहरातल्या, झोप नसल्यानं उभ्या उभ्या डुलून राह्यल्या होत्या. त्यांनी बापूचे डोळे बॅटरीनं पाह्यले, मंग बाजूच्याचे, मंग पुन्हा बापूचे.

"फवारणीच्या पेशंटच्या बाहुल्या मोहरीएवढ्या होतात," मले म्हणे. "यांच्या चांगल्या मोठ्या आहेत. शुगरची गोळी घेतात का?"

"घेतात. हिरवी."

"साखर तपासली कोणी?"

"मॅडम, जहराच्या माणसाची साखर कोण तपासते?"

त्यांनी बापूच्या बोटाले सुई टोचली. मशीनवर अडतीस, सत्तरच्या खाली जाऊ नाही म्हणे. मोठ्या सिरिंजनं शिरेत ग्लुकोज सोडलं अन् ती सिरिंज पुरी व्हायच्या आत बापूनं डोळे उघडले. मले म्हणे, "राजकुमाऱ्या, बैलं सोडले का रे?"

आता पाह्य, मागं काय होत गेलं. बापू सकाळी गोळी घेऊन उपाशीपोटी वावरात जाते. साखर उतरते, माणूस पडते. आपण मिठाचं पाणी पाजून उलट्या करवतो, दवाखान्यात नेतो. तिथं बाटली लावतात, त्या बाटलीत साखर असते, तो उठून बसते. आपण म्हणतो, निघालं जहर. दुसऱ्या दिवशी कोणी साखर तपासते तं ती बाटलीमुळं चढलेली, म्हणून डॉक्टर गोळी वाढवून देते. वाढलेल्या गोळीनं पुन्हा पडते. अन् आपण म्हणतो, पुन्हा जहर पेला.

हे सारं तुले काहून सांगून राह्यलो? परवा बसस्टँडवर भाऊजी भेटले. बोलता बोलता म्हणे, तुझ्या बहिणीची दुसऱ्या बाळंतपणातली साखर गेलीच नाही, गोळी चालू केली. म्या विचारलं कोणती. म्हणे, तुमच्या बापूची तीच, हिरवी.

तिथूनच पोस्टात गेलो अन् पाकिटं घेतली. उपाशीपोटी ती गोळी घेऊ नको, बाई. एवढं तं ऐक.

तुझा भाऊ
राजकुमार


यवतमाळ
२० ऑक्टोबर २०१७

बाई,

उत्तर नाही आलं. मले वाटलंच होतं, तरी रोज पोस्टमनले विचारत होतो. तो आता मले पाहून सायकल दुसऱ्या गल्लीतून घेते.

काल अमावास्या झाली. तांड्यात पोरी दिवे घेऊन मेराची ओवाळणी मागाले घरोघर फिरल्या असतीन. तू लग्नाआधी सगळ्यायच्या पुढं राहत होती अन् तांड्याच्या नायकाच्या घरी सगळ्यायपेक्षा जास्त वेळ उभी राहत होती, कारण तिथं गोड चांगलं भेटे. अजूनही तुले गोडच आवडत असंन, अन् आता साखर निघाली. हसू नको, मीच हसून राह्यलो.

वॉर्डात दिवाळी म्हणजे एका सिस्टरनं सगळ्यायले चिवडा वाटला. म्या आभा मॅडमले गाठलं. म्हटलं, "मॅडम, अख्खं उमरखेड तीच गोळी खाते. बापूच काहून पडते?"

म्हणे, "पोटात गेलेली गोळी काम करते, मग यकृत तिला मोडून बाहेर काढतं. मोडायचं काम करणारा एक रस असतो. तो कसा बनवायचा, त्याची कृती प्रत्येकाला दोनदा मिळते, एकदा आईकडून, एकदा वडिलांकडून. काहींच्या कृतीत बारीक फरक असतो. मग रस ढिला निघतो आणि गोळी आत साचत जाते."

"म्हणजे गोळी खराब नाही?"

"गोळी चांगली आहे. लाखो लोकांना चालते. तुमच्या वडिलांना तीच गोळी चौपट होऊन लागते, असं मला वाटतंय. अजून सिद्ध झालेलं नाही."

मी तुझ्या घरी राहून राळेगावच्या जिनिंगमधे होतो ना, तसं हाय हे. कापसाच्या गाड्या रोज येतात. सरकी वेगळी करणारे रेचे नीट चालले तं आवार रिकामं. रेचा हळू चालला, तं गाड्या काही थांबत नाही, ढीग वाढत वाढत फाटकाबाहेर येते. बापूच्या आत रेचा हळू हाय, अन् आपण गाड्या वाढवत गेलो. म्या मॅडमले हे सांगितलं. त्यायले जिनिंग काय असते तेच माहीत नव्हतं, मंग मी ते सांगत बसलो, तेवढ्यात त्यायले कोणी बोलावलं.

वापस आल्या तं विचारते, "तुमच्यात नात्यात लग्नं होतात का?"

"मॅडम, आमच्यात भावकीत सोयरीक केली तं पंगतीतून उठवतीन."

त्यायच्या कॉलेजात यावर अभ्यास चालू हाय. म्हणून बापूचं रक्त घेतलं, माझंही घेतलं, हैदराबादले पाठवलं. याडीचंही घेणार होते, पण ती सुई पाहून जिन्यानं खाली गेली ते थेट रसवंतीवर सापडली.

आता जे लिहितो ते लिहावं का नाही, याचा म्या चहा पिऊन विचार केला. बापू काल मले म्हणे, "राजकुमार, झोपताना माझे हात खाटेले बांधत जाय."

म्हटलं, काहून?

"इतके जण म्हणून राह्यले तं घेतलंच असंन म्यां. मले आठवत नाही, एवढंच. लेकीच्या लेकरावर हात ठेवून आण घेतली, मोडली, अन् आठवतही नाही. असा कसा माणूस हाय मी?"

साखर एवढी उतरली की त्या वेळचं काही ध्यानात राहत नाही, हे मॅडमनं त्याले दोनदा समजावलं. तो हो हो म्हणे. मॅडम गेल्यावर मले म्हणे, "पोरगी चांगली हाय. म्हाताऱ्याचं मन राखून राह्यली."

तुझ्याशिवाय त्याले हे कोणी पटवू शकत नाही, अन् तू बोलत नाहीस. ठीक हाय. मी लिहीत राहीन. माझ्याकडं सध्या काम नाही अन् पोस्टाची पाकिटं हायेत.

राजकुमार


यवतमाळ
१८ नोव्हेंबर २०१७

बाई,

रिपोर्ट आला. आज इकडंतिकडं काहीच लिहीत नाही.

बापूच्या दोन्ही कृती ढिल्या निघाल्या. एक आजाकडून, एक आजीकडून. असा माणूस शंभरात एखादा असते म्हणे. मॅडमनं मले कागदावर दोन गोल काढून दाखवले. बापूजवळ लेकरायले द्यायले चांगली कृती नाहीच. म्हणजे त्याच्या प्रत्येक लेकराले एक ढिली येणारच, तिथं नशिबाचा भाग नाही. माझी तपासली, एक ढिली, एक बरी. तुलेही एक ढिली नक्की हाय. दुसरी याडीकडून कशी आली ते तुझं रक्त पाह्यल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. बरी असली तं गोळी तुले जराशी जास्त लागीन. ढिली असली तं तू दुसरी बापू.

बापू आता तांड्यात घरी हाय. त्याची गोळी बदलली. ही दुसरी गोळी यकृतात मोडतच नाही, लघवीवाटे जशीच्या तशी निघून जाते, तिथं आपल्या घरचा हा घोळ लागू होत नाही. त्यानंतर एकदाही पडला नाही. पण याडी अजून त्याच्या मागं मागं वावरात जाते, अन् तो तिले नको म्हणत नाही.

काल भाऊजीले फोन लावला. म्हणे, "शीलाचं काय सांगू राजकुमार, सकाळी कामाच्या वेळेले तिचं डोकंच फिरते. घामाघूम होते, मायवर धावून जाते, हातातलं भांडं सुटते. मंग झोपते. उठल्यावर म्हणते, मी कवा बोलली तसं?"

म्हटलं, भाऊजी, ते डोकं फिरणं नाही, साखर उतरते तिची.

"मायनं तं फवाऱ्याचे सारे डबे कोठीत टाकून कुलूप लावलं. म्हणते, बापाचा गुण हाय, त्या घरातच हाय ते."

बाई, तुझ्या सासूले, धनीबाईले, माझ्याकडून सांग, बापाचा गुण हाय हे खरंच हाय. पण तो मराचा गुण नाही. गोळी अंगातून हळू निघाचा गुण हाय. तो शरमेचा नाही अन् कुलपानं थांबणारा नाही.

तू काय कराचं ते मॅडमनं सांगितलं तसं लिहितो. आपल्या मनानं गोळी बंद करू नको, साखर वाढूनही माणूस खराब होते. सोबत मॅडमची चिठ्ठी हाय, ती घेऊन तुझ्या डॉक्टरकडं जाय अन् गोळी बदलून माग. तोवर घेशीन तं पोटभर जेवूनच घे. हात थरथरले, घाम सुटला, उगाच राग आला, तं आधी साखर तोंडात टाक, मंग भांड.

मंगळवारी मी भाऊजीले विचारीन, गेली का म्हणून. गेली नसशीन तं बुधवारी मी तुझ्या दारात. हाकललं तं समोरच्या ओट्यावर बसीन. तिथून हाकललं तं जिनिंगच्या फाटकाशी. मले बसाची सवय नाही हे तुले माहीत हाय, पण या वेळेस बसीन.

राजकुमार


यवतमाळ बसस्टँड
२५ नोव्हेंबर २०१७

बाई,

बुधवारचं तुले काहीच आठवत नाही म्हणाली. म्हणून लिहून ठेवतो, म्हणजे कोणी काही वेगळं सांगितलं तं तुझ्याजवळ राहीन.

तू डॉक्टरकडं गेली नव्हती. मी पहिल्या गाडीनं निघालो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच आरडाओरड ऐकू आली. धनीबाई अंगणात उभी, "पेली वं माय, पेली! म्या म्हटलं नव्हतं?" घरात वेचलेल्या कापसाचा ढीग अन् त्याच्या बाजूले तू खाली. डोळे अर्धे उघडे, घामानं लुगडं ओलं, जीभ जड. दोन बायांनी तुझा जबडा धरलेला अन् धनीबाईच्या हातात मिठाच्या पाण्याचा गिलास. जसा आपण बापूच्या तोंडाले लावला होता तसाच.

म्या तो गिलास घेतला अन् फेकला. बायकायवर ते पाणी उडालं, त्याची माफी नंतर मागितली.

"तू कोण रे सांगणारा?" धनीबाई म्हणे. "तुमच्याच घराले लागलं हाय हे!"

"हो माय, आमच्याच घराले लागलं हाय, म्हणून सांगतो. कोणत्या डब्यातलं पेली? डबा दाखव."

"डबे तं कोठीत हायेत."

"कोठीले काय हाय?"

"कुलूप."

"किल्ली कोठी हाय?"

धनीबाईचा हात आपोआप कमरेले गेला. किल्ली तिथंच होती. मंग ती माझ्याकडं पाहून राह्यली, मंग तुझ्याकडं. एकदम हळू म्हणे, "मंग काय पेली ही?"

"काहीच नाही पेली. साखर आण."

बाई, ती म्हातारी अशी धावली की मी तिले तरुणपणी पाह्यलं नाही याचं वाईट वाटलं. तुले गिळता येत नव्हतं. तसं असलं तं पाणी वतू नका, असं मॅडमनं मले बजावलं होतं. तुले कुशीवर केलं, साखर थोडी ओली करून तुझ्या गालाच्या आतून चोळली. तू माझं बोट चावलं. अजून दुखते. मॅडमकडून मशीन मागून आणली होती, तिच्यावर एकेचाळीस. धनीबाईले वाचता येत नाही, तरी तिनं तो आकडा पाह्यला अन् मले म्हणे, "हे कमी असते का रे?" म्या मान हलवली. मंग भाऊजीनं ऑटो आणला अन् दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं.

तू डोळे उघडले अन् पहिलं बोलली, "तू काहून आला?"

म्या एवढा हसलो की सिस्टरनं मले बाहेर काढलं.

त्याच दिवशी तुझी गोळी बदलली, ते तुले माहीत हाय. रक्त द्यायले तू सोमवारी येशीन म्हणाली, तेही पक्कं. पण बापूचं नाव काढलं तं तू भिंतीकडं तोंड केलं. मी तिथं थांबलो नाही. मले माहीत हाय, हे मी बोलून होणार नाही.

बाहेर येऊन भाऊजीच्या फोनवरून बापूले लावला. सारं सांगितलं. तो म्हणे, "तिनं काही घेतलं नव्हतं?"

"नाही बापू."

"तुले काय माहीत? तू उशिरा पोहोचला."

"किल्ली तिच्या सासूच्या कमरेले होती."

मागून याडी विचारून राह्यली होती, काय झालं, काय झालं. त्यानं तिले थांब म्हटलं.

"अन् तिले काही आठवत नाही?"

"काहीच नाही. मले चावली तेही नाही."

तवा तो म्हणे, "मंग म्यांही नसंन घेतलं."

बाई, मॅडमनं सांगितलं, मशीननं सांगितलं, हैदराबादच्या कागदानं सांगितलं, त्याले पटलं नव्हतं. तुझ्यावर आलं तवा पटलं. तू घेणार नाहीस हे त्याले कोणी सांगाची गरज नव्हती, अन् त्याच्यावरून त्याले स्वतःचं कळलं.

आज सकाळी तो उमरखेडहून एकटा आला. याडी सोबत येतो म्हणत होती, तिले म्हणे, तू राहाय घरी, मले कोणी सांभाळाची गरज नाही. मी त्याले तुझ्या राळेगावच्या गाडीत बसवाले स्टँडवर आलो. आता माझ्या बाजूले बसून आलूबोंडा खाऊन राह्यला अन् विचारून राह्यला, एवढं काय लिहितं? म्हटलं, तू बोलशीन तं नीट बोलशीन का? म्हणे, नाही, लिही तूच.

मी येणार होतो सोबत. तो नको म्हणाला. "तिनं मले उंबऱ्यातून हाकललं तं तुझ्यासमोर नको," म्हणे. म्हटलं, नाही हाकलणार. म्हणे, "हाकललं तरी मी बसीन. तू सांगितलं ना ओटा हाय म्हणून."

गाडी लागली. हे पत्र पोस्टात नाही टाकत, त्याच्याच हातात देतो. तू दार उघडून काही न बोलता हे घेतलं असशीन अन् तशीच उभ्यानं वाचून राह्यली असशीन, मले माहीत हाय तुझी सवय. तो समोर उभा हाय. त्याले तुझ्याशी काय बोलावं ते जमत नाही, अन् तुझं वाचून होईतोवर तो काही बोलणारही नाही.

झालं वाचून. आता मान वर कर.

राजकुमार